बाई, जरा विचारायचं होतं: वॉशिंग मशीन, डिटर्जंट आणि ब्लीचबद्दल नेहमीचे प्रश्न

शाळेत तीस-एक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, क्लोरीनचा आणि माझा संबंध आता संपला. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एकेक करत घरोघरी मशीन आलं आणि "बाई, जरा विचारायचं होतं" म्हणत माणसं दारात यायला लागली. कुणाच्या शर्टाला भोकं पडलेली, कुणाच्या टॉवेलला कुबट वास. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडचेच ठेवलेत.

ब्लीच म्हणजे जरा कडक साबणच ना?

नाही. बाकीचे निम्मे घोटाळे याच समजुतीतून होतात. साबण किंवा डिटर्जंट मळाला धाग्यापासून सोडवतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. ब्लीच कशालाही घेऊन जात नाही. ते डागाच्या रंगाचा रेणू मोडतं, त्यामुळे डाग दिसेनासा होतो. दुकानात मिळणारं पातळ ब्लीच, आपण ज्याला सरसकट "आला" म्हणतो ते, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. त्याचं प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के असतं. मळक्या कपड्यावर ते ओतलं तर मळाशीच भांडून संपतं आणि डाग होता तिथंच राहतो. म्हणून आधी धुणं, मग ब्लीच.

आमच्या मशीनला ब्लीचचा कप्पा नाही. कुठं ओतू?

आपल्याकडच्या बऱ्याच मशीनना तो नसतोच. ड्रॉवरमध्ये तीन कप्पे दिसतात: एक रेघ म्हणजे आधीची धुणी, दोन रेघा म्हणजे मुख्य धुणी, फुलाचं चित्र म्हणजे कपडे मऊ करणारं कंडिशनर. ब्लीचच्या कप्प्यावर त्रिकोण असतो. त्रिकोण नसेल तर फुलाच्या कप्प्यात ब्लीच ओतायचा मोह आवरा. तिथं कंडिशनर चिकटून राहिलेलं असतं, आणि त्या कप्प्यातलं पाणी अगदी शेवटच्या खळबळण्यात येतं. म्हणजे ब्लीच कपड्यातच राहतं आणि तसंच दोरीवर वाळतं. पुढच्या महिन्यात तोच शर्ट काखेत फाटला की दोष मशीनला.

कप्पा नसेल तर मी एकच मार्ग सांगते: बादली. कपडे मशीनमध्ये नेहमीसारखे धुऊन घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर गार पाणी घ्या, त्यात दोन मोठे चमचे ब्लीच ढवळा आणि मगच कपडे बुडवा. पाच-दहा मिनिटं पुरे. रात्रभर भिजत घालायला ते हरभरे नव्हेत. मग दोनदा साध्या पाण्यातून काढा, किंवा पुन्हा मशीनमध्ये टाकून नुसतं खळबळण्याचं चक्र लावा. बादली लोखंडाची, अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची नको. ब्लीच धातू खातं.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांना हेच काम धुण्याच्या टबात करता येतं, कारण पाणी आपल्या हातात असतं. टब भरू द्या, ब्लीच आधी मगभर पाण्यात पातळ करा आणि मग ओता. कोरड्या कपड्यावर थेट बाटलीतून धार धरू नका. जिथं धार पडते तिथं कापड कुजतं, आणि ते त्या दिवशी दिसत नाही.

डिटर्जंटबरोबरच टाकलं तर एका फटक्यात काम होईल की!

काम होतं, पण दोघांचंही अर्धंच. चांगल्या पावडरींत एन्झाइम असतात. ती अन्नाचे, घामाचे डाग पचवतात. ब्लीच पडलं की एन्झाइम मरतात, आणि पांढरं उजळ दाखवणारी जी चमक पावडरीत घातलेली असते तिच्यावरही परिणाम होतो. ब्लीचचा कप्पा असलेलं मशीन म्हणूनच ते थोडं उशिरा आत सोडतं. हातानं करत असाल तर डिटर्जंटला निदान पाच-दहा मिनिटं एकट्याला काम करू द्या. ब्लीचसाठी पाणी तापवायचीही गरज नाही. गरम पाण्यात ते लवकर संपतं, आणि वास मात्र घरभर होतो.

माप सांगा. झाकण किती, वाटी किती?

बाटलीवर लिहिलंय तेवढं, आणि ते लिहिलेलं वाचायला चष्मा शोधा. पूर्ण भरलेल्या मोठ्या टॉप लोड टबाला शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या वर कधीच लागत नाही. बाटलीवर कमी लिहिलं असेल तर बाटलीचं ऐका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण या कामाला चांगलं, पण एकदा ब्लीचला वापरलं की त्यावर काळी खूण करा आणि ते पुन्हा औषधाच्या कपाटात ठेवू नका.

ब्लीचबरोबर काय चालत नाही?

पाणी सोडून काहीच चालत नाही, असं धरून चला. शाळेत फळ्यावर जे समीकरण मी दरवर्षी लिहायचे ते एकदा माझ्याच मोरीत घडलं. मी बादलीत पांढरे टॉवेल ब्लीचमध्ये बुडवून ठेवले होते. कामाला येणाऱ्या मावशींना फरशीवरचे पिवळे डाग खटकले. त्यांनी कोपऱ्यातली अ‍ॅसिडची बाटली घेतली आणि बादली जिथं सांडली होती तिथंच ओतली. दोन मिनिटांत त्या खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून धारा. चूक त्यांची नव्हती. मी बादलीबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि दोन्ही वस्तू एकाच मोरीत ठेवल्या होत्या त्याही मीच.

झालं काय, तर हायपोक्लोराइटला आम्ल भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. आम्ल म्हणजे फक्त ते धूर सोडणारं अ‍ॅसिड नव्हे. संडास साफ करायच्या निळ्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. व्हिनेगर आम्ल, लिंबू आम्ल, लिंबूसत्त्व आम्ल, मशीनमधला क्षार काढायची पावडरही बहुतेक वेळा आम्लच. हल्ली मोबाइलवर एक सल्ला फिरतो: ब्लीचनंतर शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला, वास जातो. तो सल्ला पाठवणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

दुसरा शत्रू अमोनिया. काच पुसायच्या काही द्रावणांत तो असतो, आणि लघवीतूनही तयार होतो. बाळाची दुपटी, म्हाताऱ्या माणसांच्या चादरी आधी भरपूर पाण्यातून काढल्याशिवाय ब्लीचमध्ये घालू नका. अमोनिया आणि ब्लीच मिळून क्लोरामाइन होतात. तेही डोळ्यांना आणि छातीला झोंबतात.

चुकून मिसळलंच आणि उग्र वास सुटला तर?

आवरत बसू नका. बादली उचलून ओतायला जाऊ नका. बाहेर पडा, मुलांना घेऊन. जाताना हाताशी असेल तर दार-खिडकी उघडी करा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. म्हणून फरशीवर खेळणाऱ्या पोराला तो आधी लागतो आणि उभ्या माणसाला उशिरा कळतो. अर्धा-पाऊण तास तरी आत जाऊ नका. खोकला थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर १०८ ला फोन करा किंवा सरळ सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी इस्पितळ, गाठा. दम्याच्या माणसानं वाट बघूच नये. आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं तरी त्या रात्री लक्ष ठेवा, कारण त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो.

कुठल्या कपड्याला चालतं?

पांढऱ्या सुती कपड्याला. पांढऱ्या सुती-पॉलिएस्टरला बहुधा चालतं. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, त्यांना ब्लीच अक्षरशः विरघळवतं. वर्गात मी लोकरीचा धागा परीक्षानळीत टाकून दाखवायचे, मुलं डोळे विस्फारून बघायची. ज्या कापडात ताण आहे, म्हणजे लेगिंग, मोज्यांची वरची पट्टी, अंतर्वस्त्रांचं इलॅस्टिक, तेही नको. जरीला तर जवळही नेऊ नका.

कपड्याच्या आतल्या पट्टीवर त्रिकोण शोधा. रिकामा त्रिकोण म्हणजे चालेल, आत दोन तिरक्या रेघा म्हणजे फक्त ऑक्सिजनवालं ब्लीच (त्याबद्दल पुढं सांगते), फुली म्हणजे नाही. पट्टी कापून टाकली असेल (आमच्याकडे ती टोचते म्हणून पहिल्याच दिवशी कापतात) तर दोन छोटे चमचे ब्लीच पाव कप पाण्यात मिसळा, आतल्या शिवणीवर एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि टिपून बघा. रंग हलला तर विषय संपला.

हळद, तांबडा रस्सा, तालमीची माती, जोतिबाचा गुलाल. कोल्हापुरात डाग काही एक प्रकारचे नसतात!

खरंय, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो, आणि हळद अल्कलीत लाल होते. पुन्हा पाण्यानं धुतलं की पिवळी. लग्नातल्या हळदीचा सदरा धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, दोन दिवसांत डाग उडालेला असतो. पांढऱ्या सुतीवर ब्लीचही चालतं, पण ऊन फुकट आहे.

रश्श्याचा डाग म्हणजे तेल, आणि तेलात विरघळलेला मिरचीचा रंग. आधी तेल काढा: भांडी घासायचं द्रावण दोन थेंब, चोळून दहा मिनिटं, मग मशीन. उरलेला नारिंगी रंग उन्हात फिकटतो.

तालमीच्या लाल मातीवर मात्र ब्लीचचा काडीचाही उपयोग नाही. गंगावेशीतला असो की आणखी कुठला, पोरगा आखाड्यातून आला की त्याची आई लंगोट ब्लीचमध्ये घालते, आणि तो तांबूसच राहतो. त्या मातीचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. ब्लीचचं काम ऑक्सिडीकरणाचं, आणि ते लोखंड आधीच ऑक्सिडीकृत आहे. तिथं ते काय मोडणार? माती पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशनं काढा, मग डिटर्जंटच्या पाण्यात भिजवा. ओली माती चोळलीत तर धाग्यात मुरवलीत म्हणून समजा.

गुलालाचंही पहिलं पाऊल तेच: पाणी लावायच्या आधी अंगणात झटकणे. चैत्र यात्रेहून आलेले कपडे गार पाण्यातून दोन-तीनदा काढा, आणि बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका. एक गुलाबी सदरा आठ सदरे गुलाबी करतो.

ब्लीच लावल्यावर कपडा पांढरा व्हायच्या ऐवजी पिवळा पडला. भेसळ?

भेसळ नसते बहुधा. बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर ब्लीच त्याचा गंज करतं आणि तो कपड्यावर बसतो. नळाचं पाणी वापरून बघा. दुसरं कारण कॉलर-काखेतला घाम: तो न काढता वरून ब्लीच मारलं की पिवळेपणा वाढतो. तिसरं, जास्त वेळ भिजवणं. गंजाचा डाग लिंबानं जातो, पण कपड्यातलं ब्लीच पूर्ण निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. त्याच बादलीत तर नाहीच नाही.

रंगीत कपड्यांचं ब्लीच मिळतं ते काय असतं?

व्हॅनिशसारख्या पावडरींत सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. कापड शुभ्र करायला कापड उद्योगातही पेरॉक्साइडच वापरतात. हे ब्लीच कपड्याला सौम्य, वास नाही, डिटर्जंटबरोबर चालतं. मात्र त्याला कोमट ते गरम पाणी लागतं, ४० अंशांच्या पुढं ते खरं जागं होतं. गार पाण्यात अर्धा चमचा टाकून "काही फरक नाही" म्हणू नका. रेशीम-लोकर इथंही वर्ज्य. आणि क्लोरीनवालं नि हे एकत्र नको, दोघं एकमेकांनाच संपवतात.

मला विचाराल तर रोजच्या घराला हेच पुरेसं आहे. क्लोरीनवाली बाटली मी कपड्यांसाठी वर्षातून चार-पाचदा उघडते: पावसाळ्यात टॉवेलवर बुरशीचे काळे ठिपके आले, घरात जुलाबाचं आजारपण झालं, तेव्हा.

फेसच येत नाही, मग कपडे निघतात तरी कसे?

फेस म्हणजे स्वच्छता, हे आपल्याला नदीवर धुणं धुणाऱ्या पिढीनं शिकवलंय. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटतात, तीच त्यांची धोपटणी. फेस झाला की ते गादीवर पडतात. शिवाय फेस पंपाला जड जातो, मशीन अडून बसतं आणि कपड्यात साबण राहतो, मग अंगाला खाज. म्हणून "मॅटिक" लिहिलेली कमी फेसाची पावडर. हातानं धुण्याची स्वस्त पावडर सेमी ऑटोमॅटिकला चालून जाते, फ्रंट लोडला नाही.

जास्त पडतंय का हे बघायची युक्ती: धुतलेले, वाळलेले चार टॉवेल घ्या आणि डिटर्जंट न घालता कोमट पाण्यात फिरवा. फेस आला तर तो मागच्या महिनाभराचा आहे. नळाच्या, म्हणजे नदी-धरणाच्या पाण्याला कमी पावडर लागते, बोअरच्या जड पाण्याला थोडी जास्त. पिंप बदललं की मापही बदला.

मशीन उघडलं की कुबट वास येतो.

दार लगेच लावता म्हणून. जून ते सप्टेंबर इथं हवेतच पाणी असतं. धुणं काढलं की दार आणि ड्रॉवर उघडे ठेवा, दाराच्या रबराची घडी फडक्यानं पुसा, खालची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा. जाळीत नाणी, टाचण्या आणि एकदा तर आमच्याकडे अख्खी सुपारी निघाली. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा, टब धुण्याचं चक्र असेल तर तेच. त्यात एक तर ब्लीच, एक तर क्षार काढायची पावडर. एकाच दिवशी दोन्ही नाही, आणि मध्ये एक साधं धुणं जाऊ द्या. ब्लीच घालून टब तसाच रात्रभर ठेवू नका, स्टीलचा असला तरी त्याला खड्डे पडतात.

पुराच्या पाण्यात भिजलेले कपडे? आमच्याकडे टीसीएल पावडर आहे.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर पोचलं की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान वर चढायला लागतं. ४३ म्हणजे धोका. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कित्येकांची मशीनं खालीच राहिली. पाण्यात बुडालेलं मशीन मिस्त्रीनं उघडून तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही, वरून कोरडं दिसलं तरी.

कपड्यांचं म्हणाल तर आधी चिखल जाऊ द्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. चिखलातला कुजका माल ब्लीचला खाऊन टाकतो. मग डिटर्जंट, मग पांढऱ्या सुती कपड्यांना ब्लीच. रंगीत कपड्यांना गरम पाणी आणि ऊन. टीसीएल ही विहिरी-टाक्यांचं पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन तीस टक्क्यांच्या आसपास, आणि चुना. चुना विरघळत नाही, दाणा कपड्यावर बसला की भोक. मशीनमध्ये तर ती कधीच नाही.

नीळ आणि ब्लीच एकत्र?

उजाला हा रंग आहे. ब्लीच रंग खातं. पैसे वाया. नीळ शेवटच्या पाण्यात, ब्लीच पूर्ण निघून गेल्यावर.

बाटली कशी ठेवू?

मूळ बाटलीत, सावलीत, उंचावर, आणि अ‍ॅसिडपासून लांब. ऊन आणि उष्मा यांनी ब्लीच हळूहळू मरतं, मागे मिठाचं पाणी उरतं. सहा महिन्यांनी जोर कमी झालेला असतो, म्हणून जुन्या बाटलीतून दुप्पट ओतायचं नसतं, नवी आणायची.

गल्लीत सायकलवरून फिनेल-अ‍ॅसिड विकायला येतात ते जुन्या पाण्याच्या नि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून देतात. ती बाटली घरात घेऊ नका. आत काय आहे ते सांगता येत नाही, आणि तहानलेलं पोर बाटलीचा आकार ओळखतं, आतला माल नाही.

पोरानं घोट घेतलाच तर? डोळ्यात उडालं तर?

उलटी काढायला लावू नका. जाताना जे एकदा पोळलं ते येताना पुन्हा पोळतं. मीठ-पाणी, लिंबू-पाणी काही नाही. तोंड धुऊन काढा, बाटली बरोबर घ्या, दवाखाना. डोळ्यात गेलं तर नळाच्या बारीक धारेखाली पापणी उघडी धरून १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून, मग डॉक्टर. हाताला लागलं आणि बुळबुळीत वाटलं तर ती साबणाची बुळबुळ नव्हे, आपलीच कातडी सैल होतेय. बुळबुळ जाईपर्यंत धुवा. ब्लीच हाताळताना रबरी हातमोजे घालावेत ते याचसाठी.

मशीनचं पाणी तुळशीला घातलं तर?

ब्लीचवालं अजिबात नाही. डिटर्जंटवालंही नको, मीठ आणि सोडा मातीत साठत जातो. शेवटच्या खळबळण्याचं पाणी जिना, अंगण, गाडी धुवायला घ्या. तुळशीला तांदूळ धुतलेलं पाणी घाला, तिला ते आवडतं.